बाबांची शुगर आणि दोनदा घेतलेली गोळी
बाबांचं एचबीएवनसी ६.४ आलं, तेव्हा ऑफिसात मी चक्क पेढे वाटले होते (विनोद कळला ना?). बावीस वर्षांचा टाइप टू डायबेटिस, वय ७१ आणि रिपोर्ट एकदम सही!

मग आला तो शनिवार. आदल्या रात्रीच मी पुण्याहून साताऱ्याला पोचले होते. सकाळी बाबा दारात उभे. घामाने डबडबलेले, हात थरथरत होते. म्हणाले, "कधी आलीस गं?" शुगर ५४! आईने पटकन साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांत गडी नॉर्मल. नंतर कळलं, सकाळची गोळी त्यांनी दोनदा घेतली होती. पहिली घेतल्याचं विसरूनच गेले होते.

"वय झालं, विसरणारच," असं आपण सहज म्हणून टाकतो. डॉक्टरांनी मात्र कागद पुढे केला. "काका, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." आयुष्यभर बँकेत लेजर जुळवलेल्या माणसाने सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डायबेटिस असलेल्या ज्येष्ठांमध्ये डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं हॉलंडमधल्या रॉटरडॅम स्टडीत १९९९मध्येच दिसलं होतं. पण शुगर फार खाली गेली तरी मेंदूची उपासमार होतेच. शिवाय विसरल्यामुळे गोळी चुकते, गोळी चुकली की शुगर बिघडते आणि त्याचा फटका पुन्हा मेंदूलाच!

म्हणजे ज्या ६.४वर मी खूश होते, ते बाबांसाठी जरा जास्तच कडक होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि टार्गेट आठच्या आसपास आणलं. (हे त्यांनी ठरवायचं हं, आपण नाही!)

तुमच्याही घरी पासष्टीपुढचे डायबेटिक आई-बाबा असतील, तर शुगरसोबत वर्षातून एकदा स्मरणशक्तीही तपासून घ्या. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी आणा. आणि प्लीज, ओरडू नका.

मी आता रोज आठला फोन करते. "गोळी घेतली का?" असं विचारत नाही. विचारते, "बाबा, आजचा खण रिकामा आहे का बघा."

"बघतो," बाबा म्हणतात, "ऑडिटर बाई!"