तास मोजून गेम विकत घ्यावा का?

मागच्या वेळी आपण किंमत आणि मूल्य या दोन शब्दांतला फरक पाहिला. आज तो एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण मी मुद्दाम व्हिडिओ गेमचं घेतलंय. पार्ल्याच्या दीनानाथला किंवा मुलुंडच्या कालिदासला नाटकाचं तिकीट काढताना आपण कोणी हिशेब करत नाही की ताशी किती रुपये पडले. गेम विकत घेणारी मुलं मात्र हा भागाकार उघडपणे करतात. गेम किती तासांचा आहे, हे आधी शोधतात. 'हाऊ लाँग टू बीट' नावाचं एक संकेतस्थळच त्यासाठी आहे. खेळणारे लोक आपापले तास तिथे नोंदवतात. मग किंमत भागिले तास. उत्तर लहान आलं की पैसा वसूल.

समजा, एक गेम ३००० रुपयांचा आणि ६० तासांचा आहे. तासाला ५० रुपये पडले. दुसरा १००० रुपयांचा, पण ५ तासांत संपतो. तासाला २००. म्हणजे स्वस्त गेम चौपट महाग ठरला!

आता, तत्त्वज्ञानाच्या माणसाने अशा हिशेबाला नाकं मुरडायची असतात, अशी एक समजूत आहे. मी मुरडणार नाही. घाटकोपरला चाळीत राहणाऱ्या, दिवाळीला एकच गेम मिळणाऱ्या मुलाचा विचार करा. सुट्टीचे तास त्याच्याकडे भरपूर आहेत, पैसे नाहीत. तो गेम पाच तासांत संपला तर भाऊबीजेच्या आत दिवाळी संपली. त्याने तास मोजले तर तो अरसिक ठरत नाही. त्याच्या परिस्थितीत तो भागाकार बरोबर आहे.

पण तो बरोबर का आहे? कारण त्याच्या लेखी तास फुकट आहेत. आता बोरिवलीहून रोज सकाळी अंधेरीला नोकरीला जाणारी एखादी मुलगी घ्या. आठवड्याला तिच्या हाताशी उरतात फार तर पाच तास. ६० तासांचा गेम तिला बारा आठवडे पुरेल. 'पुरेल' म्हटलं खरं, पण नीट बघा, बारा आठवड्यांची तिची सगळी मोकळीक त्या गेमने घेतली. तीन हजार रुपये दिले आणि वर साठ तासही दिले. आपण तासांना मिळालेला माल समजतो, आणि तिच्या बाबतीत तास हा दिलेला मोबदला आहे. भागाकारात जो आकडा खाली लिहिला, तो तिच्या हिशेबात वर, किमतीच्या शेजारी बसायला हवा. अनलिमिटेड थाळीसारखं आहे हे. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, शेवटी पोट ठरवतं.

थोडं मागे जाऊ या. नव्वदीच्या दशकात आपल्या उपनगरांतल्या गल्ल्यांत व्हिडिओ गेमची पार्लरं होती. रुपया-दोन रुपये टाकून खेळायचं. 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' हा १९९३ चा जपानी कंपनीचा गेम. आपली पोरं त्याला सरळ 'मुस्तफा' म्हणायची, त्यातल्या एका पात्रावरून. नवशिक्याचं नाणं दोन-तीन मिनिटांत बुडायचं. तरबेज मुलगा तेवढ्याच पैशांत अर्धा-पाऊण तास उभा, आणि मागे बघ्यांची गर्दी. मशीन तेच, किंमत तीच. मग त्या गेमची लांबी किती सांगाल? ती मशीनमध्ये नव्हतीच, खेळणाऱ्याच्या बोटांत होती. आणि पार्लरवाल्याचा फायदा गेम लवकर संपण्यात होता. तासांची जाहिरात नंतर आली. गेम घरी आला, नाणं टाकणं थांबलं, आणि 'एकदाच पैसे द्या, भरपूर खेळा' हे सांगता येऊ लागलं.

ही जाहिरात कुठवर जाते, याचा एक किस्सा आहे. जानेवारी २०२२ मध्ये 'डाइंग लाइट २' हा गेम अजून यायचा होता. पोलंडच्या टेकलँड कंपनीने अभिमानाने जाहीर केलं, की हा गेम संपूर्ण, म्हणजे सगळे कानेकोपरे धरून, खेळायला निदान ५०० तास लागतील. वॉर्सा ते माद्रिद चालत जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. लोक खूश होतील अशी अपेक्षा असावी. झालं उलटं. बरेच जण वैतागले. आम्हाला नोकऱ्या आहेत, मुलंबाळं आहेत, कोण चालणार एवढं? मग कंपनीने खुलासा केला, की मुख्य कथानक सुमारे २० तासांचंच आहे. भागाकाराच्या हिशेबाने ५०० वर टाळ्या पडायला हव्या होत्या ना?

आता आपल्याकडचं उदाहरण. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी नेटाने करत राहिले आणि २०२० मध्ये गेम आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. भावाला शोधत निघालेली राजी नावाची मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचे आपसातले संवाद, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल, आणि मधली कथा सांगायला बाहुल्यांचा सावलीचा खेळ. मी स्वतः खेळलेलो नाही. नातवाच्या शेजारी बसून पाहिला आणि मधेमधे त्याला थांबवून भिंतींवरची चित्रं बघितली, त्याचा त्याला त्रास झाला.

हा गेम पाच-सहा तासांत संपतो, आणि त्याबद्दल तक्रार झालीच. तक्रारीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक, तास कमी आहेत. दोन, कथा एकदम तुटल्यासारखी थांबते. दुसरी तक्रार मला रास्त वाटते. अर्धवट सोडलेली गोष्ट पाच तासांची असो की पन्नास, ती अर्धवटच. पहिलीचं तसं नाही. लांबी वाढवायची म्हणजे काय करायचं? नवा महाल हवा तर तो कुणीतरी काढायला हवा, त्याला माणसं लागतात, महिने लागतात. छोट्या चमूकडे ते नसतात. मग स्वस्त उपाय म्हणजे तेच राक्षस पुन्हा, तोच जिना पुन्हा, हे शोधून आण, ते पोचवून ये. आपण ताशी भाव लावला की आपण हेच मागतो. आणि पुण्यातल्या दहा-पंधरा माणसांना हजार माणसांच्या कंपनीशी तासांत स्पर्धा करायला लावतो.

इथे अॅरिस्टॉटल कामाला येतो. काही कृती शेवटाला पोचल्यावरच पूर्ण होतात, असं तो म्हणतो. घर बांधणं घ्या. छप्पर पडेपर्यंत ते अपुरं. काही कृती प्रत्येक क्षणी पूर्णच असतात, जसं पाहणं. गेममध्ये दोन्ही आहेत. शेवटाला पोचायचं आहे, ते घर बांधणं. आणि प्रत्यक्ष खेळणं चाललंय, ते पाहण्यासारखं. एखादा तास फक्त पुढे सरकण्यासाठी चाललाय, त्या तासात स्वतःचं असं काहीच नाही, असं झालं की खेळाची कारकुनी झाली. असे चाळीस तास जोडले तरी मूल्यात भर पडत नाही. मोबदला तेवढा वाढतो.

पुनरावृत्ती वाईट, असं मात्र म्हणू नका. कॅरमचा एक बोर्ड पंधरा-वीस मिनिटांत संपतो, तरी तीच पाटी चाळीत तीस-तीस वर्षं चालते, पावडर टाकून. रोज तेच, आणि रोज वेगळं. कॅरम किती तासांचा खेळ आहे? प्रश्नच चुकीचा वाटतो ना? दुसऱ्या टोकाला मोबाइलवरचे फुकट गेम. पब्जी मोबाइल घ्या, २०२० मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली, तोवर घराघरांत होता. किंमत शून्य, तास अगणित. भागाकार खरा मानला तर जगातली सर्वांत मूल्यवान वस्तू तीच. त्या घरांतल्या आईवडिलांना विचारा!

आणखी एक गोष्ट. स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानात नियम आहे, की गेम घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ग्राहकाच्या दृष्टीने चांगला नियम, मी त्याच्या बाजूचा आहे. पण जो गेम दीड तासातच पुरा होतो, त्याचं काय? २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' या छोट्या भयकथेच्या कर्त्याने सांगितलं, की लोक गेम पूर्ण खेळतात, चांगलं बोलतात आणि पैसे परत घेतात. म्हणून आपण अनिश्चित काळासाठी गेम करणं थांबवतोय. एकांकिका आवडली, टाळ्या वाजवल्या आणि बाहेर पडताना खिडकीवर तिकिटाचे पैसे मागितले, असा प्रकार. 'दोन तासांच्या आत' म्हणजे 'अजून चाखून बघतोय' असं त्या नियमाने धरलंय, आणि ते सगळ्याच गेमना लागू पडत नाही.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "सर, नातवाला गेम घेऊन द्यायचाय. तास विचारायचे नाहीत, तर मग विचारायचं काय?" तास जरूर विचारा, ताई. पण आधी त्याला विचारा, आठवड्यात तुला खेळायला किती वेळ मिळतो. मग दुकानदाराला नको, तो गेम खेळलेल्या त्याच्या एखाद्या मित्राला विचारा, की दहाव्या तासाला तू असं काय करत होतास जे दुसऱ्या तासाला करत नव्हतास. त्याला पटकन सांगता आलं तर घ्या. तो डोकं खाजवायला लागला, तर थोडं थांबा.