‘तण’ हा शब्द आणि कपाशीतील तणनाशके

तण म्हणजे कोणती वनस्पती, या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. ‘तण’ हे संस्कृत ‘तृण’ शब्दाचे मराठी रूप होय. मुळात गवताचा वाचक असलेला हा शब्द पुढे ‘पिकात नको असलेली कोणतीही वनस्पती’ या अर्थी रूढ झाला. म्हणजे ते कुळाचे नाव नसून शेतकऱ्याने दिलेला निर्णय आहे. कळमनुरीकडील कपाशीत केना, हराळी, लव्हाळा व कुंजर ही तणेच. परंतु त्याच कुंजराच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. गतवर्षीच्या सोयाबीनचे सांडलेल्या दाण्यातून उगवलेले रोपही यंदा कपाशीत तणच ठरते.

खुरपे चालविणारी बाई हा निर्णय प्रत्येक रोपापाशी घेते. मराठवाड्यात या कामाला खुरपणी म्हणतात, पैनगंगेपलीकडे विदर्भात निंदण. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला शेत निंदणाऱ्याची उपमा दिली आहे. तो तण उपटतो आणि धान्य राखतो. ‘तणनाशक’ या समासात यातील नाशाचा अर्थ तेवढा उरला, राखण्याचा गळाला.

रसायनाला मात्र ‘तण’ ही कोटी ठाऊकच नाही. ते वनस्पतींचे शरीरधर्म तेवढे ओळखते. कपाशी प्रारंभी मंद वाढते आणि ओळींतील अंतर मोठे असते; म्हणून पहिले सुमारे दोन महिने तिला तणाचा उपद्रव अधिक होतो. या काळात रसायनाकडून निवड तीन प्रकारे साधतात. पेंडीमिथॅलिन पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, ओलसर जमिनीवर फवारतात. ते अंकुरणाऱ्या तणाची पेशीविभागणी रोखते. येथे निवड काळाची. क्विझालोफॉप गवतवर्गीय तणे मारते, तर पायरिथिओबॅक रुंद पानांची. येथे निवड कुळाची. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवतकुळातला नव्हे. म्हणून क्विझालोफॉपला तो दाद देत नाही. ग्लायफोसेट बहुतेक सर्वच हिरव्या वनस्पतींना मारते. ते सोसणाऱ्या कपाशीत निवड जनुकाची. अशी कपाशी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकऱ्यांनी जाहीरपणे पेरली; परंतु तिला भारतात शासकीय मान्यता मिळालेली नाही. २०२२ साली केंद्र शासनाने ग्लायफोसेटच्या वापरावरही निर्बंध घातले.

शब्दाची ही संदिग्धता केवळ कोशकाराची अडचण नव्हे. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवरील औषध ज्वारीत चालते, कारण ज्वारी गवतकुळातली. कपाशी स्वतःच रुंद पानांची. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेल्या किंवा नीट न धुतलेल्या पंपात राहिलेल्या अल्पांशानेही तिची पाने आकसून विकृत होतात. दोन्ही डब्यांवर शब्द एकच, ‘तणनाशक’. आणि शेतकऱ्याच्या लेखी कपाशी हे तण नाही. तेव्हा डब्यावरील शब्द वाचून तो फसला, तर दोष त्याच्या वाचनाचा म्हणता येत नाही.

म्हणून परिभाषेत ‘गवतनाशक’, ‘रुंदपर्णनाशक’ आणि ‘सर्वनाशक’ असा भेद करून तो डब्यावर ठळक छापावा, असे सुचवावेसे वाटते. ‘उगवणपूर्व’ व ‘उगवणपश्चात’ ही विशेषणे रूढ आहेतच. ती केव्हा फवारावे हे सांगतात, काय मरेल हे सांगत नाहीत. ते सांगणारे नाव घडविणे हे कृषिशास्त्राइतकेच भाषाशास्त्राचेही काम आहे.