काळजाभोवतीची चरबी

'अंगात चरबी चढली आहे' असे आपण माजोरी माणसाला उद्देशून म्हणतो. आपल्या भाषेत चरबीला प्रतिष्ठा नाही. वैद्यकशास्त्रानेही पुष्कळ काळ तिला उरलेल्या अन्नाचे कोठार एवढेच मानले. १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून स्रवणारे संप्रेरक सापडले आणि ही समजूत बदलू लागली. चरबी नुसती साठून राहत नाही; ती शरीराच्या इतर भागांना रासायनिक निरोप धाडत असते.

निरोगी माणसाच्या हृदयावरही चरबीचा थर असतो. हृदयाचा स्नायू आणि त्यावरील पातळ आवरण यांच्यामध्ये तो पसरलेला असतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या कॉरोनरी रोहिण्या याच थरातून जातात. विशेष हे की, रोहिणी आणि ही चरबी यांच्यामध्ये कोणताही पडदा नाही. शेजार इतका जवळचा असल्यामुळे एका घरातील धूर दुसऱ्या घरात सहज शिरतो. एरवी हा शेजार हिताचाच असतो. ही चरबी रोहिणीला धक्क्यांपासून जपते आणि हृदयाच्या स्नायूला इंधन पुरविते.

बिघाड होतो तो दाहामुळे. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचले की तेथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि दाह सुरू होतो. दाहाने त्या साठ्यावरील आवरण कमकुवत होऊन फुटले, तर रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. म्हणजे रोहिणी फारशी अरुंद झालेली नसतानाही धोका संभवतो.

या दाहात चरबीचा वाटा किती? २००३ मध्ये माझुरेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या हृदयावरील आणि पायातील चरबीचे नमुने ताडून पाहिले. दाह वाढविणारी द्रव्ये हृदयावरील चरबीत कितीतरी अधिक आढळली. तेव्हा साहजिकच बोट चरबीकडे वळले.

परंतु ही वाहतूक एकतर्फी नाही. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड येथील अँटोनियाडिस यांच्या गटाने दाखवून दिले की, दाह झालेली रोहिणीही शेजारच्या चरबीला निरोप पाठविते. त्यामुळे तेथील मेदपेशींची पूर्ण वाढ होत नाही. त्या लहान राहतात, त्यांत स्निग्धांश कमी आणि पाण्याचा अंश अधिक असतो. हा फरक सी. टी. स्कॅनमध्ये मोजता येतो. त्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर असते आणि चरबी शून्याखाली. रोहिणीलगतच्या चरबीचा आकडा जितका शून्याकडे सरकेल, तितका आतला दाह अधिक समजावा. रोहिणीची भिंत जे दडवते, ते शेजारीण सांगून टाकते!

या साक्षीचे मोल केवढे आहे, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीवरून कळते. हृदयाचे सी. टी. स्कॅन केलेल्या ४०,००० हून अधिक रुग्णांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांच्या रोहिण्यांत मोठा अडथळा नव्हता. तरीही पुढील काळात हृदयविकाराने जे मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे ६४ टक्के याच 'निर्धास्त' गटातील होते. नुसता अडथळा शोधणारी तपासणी ज्यांना घरी पाठविते, त्यांच्यातील धोक्याची माणसे ओळखण्यास चरबीची ही खूण उपयोगी पडली.

ही पद्धत अजून सर्वत्र रूढ झालेली नाही. पण दाह ओळखून भागत नाही, तो शमविताही यावा लागतो. त्या दिशेने आशा आहे. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न उतरविता, केवळ दाह कमी करून झटक्यांचे प्रमाण घटविता येते, हे सिद्ध झाले. तोवर तंबाखू वर्ज्य करणे, रोज चालणे आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे हे उपाय आपल्या हातचे आहेत. चरबीला दोष देण्यापूर्वी ती काय सांगते आहे, हे ऐकून घेणे मात्र शहाणपणाचे ठरेल.