लाटेवर पालथं (भाग ४) : वेटसूट अंगाला बसतो म्हणजे काय?

गेल्या आठवड्यात बॉडीबोर्डाच्या गाभ्याबद्दल लिहिलं. आपल्या कोमट पाण्यात पॉलिएथिलीनचा गाभा मऊ पडतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा घ्यावा. सूट निवडतानाही हे कोमट पाणीच ध्यानात ठेवायचं. अंजनवेल-गुहागरच्या समुद्राचं तापमान हिवाळ्यातही सहसा २५ अंशांखाली उतरत नाही, मे महिन्यात ते ३०च्या आसपास जातं. धडाला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटर जाडीचा, मनगटापासून घोट्यापर्यंतचा सूट इथे घातला तर जीव उकडून जाईल.

वेटसूट मुळात थंड पाण्यासाठीच निघाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होते. अंग कोरडं ठेवायची गरजच नाही, हे त्यांनी ओळखलं. ऊब धरून ठेवतात ते निओप्रीनच्या फेसात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे. सूट आणि कातडी यांच्यामध्ये थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उष्णतेने तापतं आणि जागेवर राहिलं तर त्रास देत नाही. सूट ढिला असेल तर मात्र प्रत्येक लाटेसरशी ते निघून जातं, गार पाणी येतं आणि शरीर पुन्हा तेच तापवत बसतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणून जाडी दुय्यम; सूट अंगाला नीट बसणं महत्त्वाचं.

मग आपल्याकडे सूट हवा तरी का? जानेवारीच्या पहाटे मतलई वाहत असते. जमिनीकडून येणारा हा वारा लाटेचा चेहरा सावरून धरतो, त्यामुळे लाटा सुरेख फुटतात. पण ओल्या पाठीवरून तो गेला की तासाभरात हुडहुडी भरते. त्या वेळेसाठी २ मिलिमीटरचा, अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्याच्या वर संपणारा सूट पुरतो. एरवी वर्षभर पूर्ण बाह्यांचा लायक्राचा रॅशगार्ड. ऊन, जेलीफिश आणि बोर्डावर घासून सोलवटणारी छाती, या तिन्हींना तो उत्तर आहे.

माप घेताना आधी छाती. काखेखालून, छातीच्या सर्वांत रुंद भागावरून टेप आडवी फिरवा आणि श्वास नेहमीसारखा सोडून आकडा वाचा. त्यानंतर उंची, मग कंबर, शेवटी वजन. शर्टाचा मीडियम म्हणजे सुटाचा मीडियम नव्हे, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ताही वेगळा. पोट सुटलेल्या माणसाने पोटासाठी एक माप वर जाऊ नये. तसं केलं की पोट मावतं, पण गळा आणि काखा उघड्या पडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. त्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचा तक्ता पाहावा. बायकांनी बायकांच्याच तक्त्यातून निवडावं, कारण कंबर आणि नितंब यांचं प्रमाण वेगळं धरलेलं असतं.

सूट कोरडा असताना घट्ट वाटणारच, पाण्यात तो किंचित सैलावतो. पण छातीभर श्वास घेता आला पाहिजे. दोन्ही हात डोक्यावर न्या, मग उकिडवे बसा. खांद्याला ओढ बसली किंवा जांघेत कापड लोंबलं तर माप चुकलं. पाठीच्या खोलगट भागात हवा धरून सूट फुगत असेल तरी तेच. शेवटी घरातल्या जमिनीवर पालथे पडून, कोपरं दुमडून पाहा. बॉडीबोर्डिंगमध्ये सगळा वेळ याच स्थितीत जातो, त्यामुळे चेन छातीवर उभी असलेला सूट तिथे रुततो. चेन पाठीवर असलेली बरी. तारकर्लीला स्कूबासाठी घातलेल्या सुटावरूनही अंदाज बांधू नका. तो खाली शांत पोहण्यासाठी असतो, हात मारत लाटेमागे जाण्यासाठी नव्हे.

नवा सूट घालून पाहायला अंजनवेलच्या खाडीत मात्र उतरू नये. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी घेऊन वाशिष्ठी इथे, गोपाळगडाच्या पायथ्याशी, समुद्राला मिळते. ओहोटीची ओढ खाडीच्या तोंडातून सरळ बाहेर नेते आणि निओप्रीन थोडं तरंगवत असलं तरी ते लाइफ जॅकेट नाही. गुहागरच्या पुळणीवर जा. कमरेइतकं पाणी, काठावर लक्ष ठेवणारं कुणीतरी, आणि पावसाळा सोडून.

घरी आल्यावर सूट गोड्या पाण्यात धुऊन, उलटा करून सावलीत वाळवा; उन्हात निओप्रीन तडकतं. पुढच्या आठवड्यात फिन्स. घोटे सोलू नयेत म्हणून निओप्रीनचे मोजे घालणार असाल, तर फिन्सचं माप ते मोजे घालूनच घ्यायचं, एवढं आताच सांगून ठेवतो.