चेहऱ्याऐवजी धनुष्य

सिकंदराच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस होता. सिकंदराच्या मृत्यूनंतर इजिप्तमध्ये त्याचा सेनापती टॉलेमी याने थेट स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. ही चाल बॅक्ट्रियातून इंडो-ग्रीक राजांकडे आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालत असल्याची नोंद आहे. पश्चिम क्षत्रपांपैकी क्षहरात घराण्यातल्या नहपानाची चांदीची नाणी याच वळणाची : एका बाजूला चेहरा, अक्षरे ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला त्याची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य व उज्जयिनी चिन्हाचे ठसे मारलेले होते.

कोल्हापूरचे कुर राजे साधारण याच काळातले. त्यांच्या शिशाच्या नाण्यांवर चेहरा नाही. बाण लावलेले धनुष्य आहे, मागे चैत्य आणि कठड्यातले झाड, आणि कडेने ‘वासिठीपुतस विळिवायकुरस’ अशी अक्षरे. राजाची ओळख पटते ती आईच्या गोत्रनावाने आणि शस्त्राने. यवनांची, म्हणजे ग्रीकांची, कला इथवर पोचलीच नसेल, असे कोणी म्हणेल. पण कोल्हापुरातच, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली आहे. ती कुरांच्या काळानंतर आली असे मानले, तरी हे गाव परक्या व्यापारापासून तुटलेले नव्हते एवढे नक्की. शिशावर चेहरा उमटणार नाही, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. शिसे मऊ असते. पूर्व किनाऱ्यावरच्या सातवाहनांनी त्याच धातूवर डोलकाठ्यांसह जहाज उठवले. शिवाय माढरीपुत्र सिवलकुराने विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारला, पुढे गौतमीपुत्र विळिवायकुराने सिवलकुराच्या नाण्यांवर. सत्ता बदलत गेली, नाव बदलले, धनुष्य मात्र प्रत्येकाने राखले. इतक्या आग्रहाने जपलेल्या खुणेला चेहऱ्याची उणीव म्हणणे मला पटत नाही.

मला वाटते, चेहरा ही चांदीच्या बाजारपेठेची सवय होती. राजपदाला त्याची गरज नव्हती. सातवाहनांनी तो उचलला, पण मुख्यतः चांदीपुरता. १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात संशोधक भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्यावर क्षत्रप धाटणीचा चेहरा आहे. त्याच राजाच्या शिशाच्या नाण्यांवर मात्र हत्ती आणि चैत्य दिसतात.