घराचे हप्ते थकले तर?

भरदुपारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन दारात उभा राहतो. त्या वेळी घरात असते ती गृहिणीच, म्हणून सहीसुद्धा तीच करते. पाकिटावर बँकेचं नाव असतं. 'हे आले की बघतील,' म्हणून ती ते फ्रिजवर ठेवून देते. 'हे' संध्याकाळी येतात, पाकीट पाहून त्यांचा चेहरा उतरतो आणि पाकीट तसंच कपाटात कपड्यांखाली जातं. मग त्यावर घरात कुणी बोलत नाही. सासूबाईंना कळायला नको, मुलांच्या परीक्षा आहेत, शेजारीपाजारी चर्चा व्हायला नको!

मैत्रिणींनो, असे मुकाट्यानं घालवलेले दिवसच पुढे महागात पडतात. कर्ज थकलेल्या माणसाला कायद्यानं पायरीपायरीला मुदत दिलेली आहे. पण ती मुदत नोटिशीच्या तारखेपासून धावू लागते. आपण पाकीट कधी फोडलं, याची ती वाट पाहत नाही. म्हणून पहिली गोष्ट : पाकीट फोडायचं, वाचायचं, आणि त्यातली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहायची.

सही कुणाची आहे?

आमच्या देवपुरात वाडीभोकर रोड घ्या नाहीतर गोंदूर रोड घ्या, वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या. शिक्षक, एस.टी.तले कर्मचारी, दुकानदार, कापसाच्या पैशावर गावाकडून येऊन इथे प्लॉट घेणारे, अशी ही वस्ती. घरं बहुतेक कर्जाचीच. आणि कर्जाच्या कागदांवर नवऱ्याच्या सहीखाली बायकोची सही असतेच. 'इथे करा, इथे करा' म्हणून साहेबांनी बोट ठेवलं, आपण सह्या केल्या आणि घरी येऊन पेढे वाटले. पण त्या सहीचा अर्थ असा, की तुम्ही सहकर्जदार आहात आणि कर्जाला दोघंही बांधलेले आहात.

शिवाय महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. त्यामुळे पुष्कळ घरं आता गृहिणींच्याच नावावर झाली आहेत. नोटीस तुमच्या नावानं येते ती उगाच नव्हे! तेव्हा 'त्यातलं मला काही कळत नाही' असं म्हणून भागायचं नाही.

हप्त्याच्या पोटात काय असतं?

समजा, पंधरा लाखांचं कर्ज आहे, व्याज शेकडा ९, मुदत वीस वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १३,५०० रुपये पडतो. पहिल्या महिन्यात त्यातले ११,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ते जेमतेम सव्वादोन हजार. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला, तर आपल्या हातून आठ लाखांच्या वर रक्कम गेलेली असते आणि मुद्दल कमी झालेलं असतं सुमारे १ लाख ६९ हजारांनी. सुरुवातीची वर्षं अशी व्याजाचीच असतात. म्हणून 'एवढे भरले तरी कर्ज हलत नाही, बँकेनं फसवलं' असं म्हणत हप्ता थांबवणं हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं होय.

आता समजा, पाच वर्षांनी मिळकत घटली. उरलेलं कर्ज सुमारे १३ लाख ३० हजार. पंधरा वर्षं शिल्लक होती, ती बँकेनं पुन्हा वीस केली, तर हप्ता बाराएक हजारांवर येतो. महिन्याला दीड हजाराचा श्वास मिळतो. फुकट मात्र नाही हं! शेवटपर्यंत मिळून सुमारे साडेचार लाख जास्त जातात. पुढे हात सैल झाल्यावर जास्तीची रक्कम भरून तो बोजा कमी करता येतो. व्यक्तीनं बदलत्या व्याजदरावर घेतलेल्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड नसतो.

नव्वद दिवसांची रेघ

हप्ता चुकल्यापासून नव्वद दिवस थकबाकी राहिली, की बँक ते खातं अनुत्पादक, म्हणजे बुडीत होऊ घातलेलं, धरते. व्यवहारात लोक त्याला 'एन.पी.ए.' म्हणतात. ही रेघ ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यानंतर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी एखाददुसरा हप्ता भरून गाडी सावरता येते. नंतर खातं पुन्हा सुरळीत व्हायला व्याजासकट सगळीच थकबाकी भरावी लागते. एक हप्ता भरून भागत नाही.

म्हणून पहिला हप्ता चुकणार असं दिसताच शाखेत जा, दोघांनी मिळून जा. तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज द्या : मिळकत का घटली, किती महिन्यांत सावरेल, दरमहा किती भरू शकतो. मुदत वाढवून मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

लाज वाटायचं कारण नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० या कोरोनाच्या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेनंच हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. २०२१-२२ मध्ये एस.टी.चा संप काही महिने चालला, तेव्हा नेकीनं नोकरी करणाऱ्या घरांतही पगार आला नाही. आणि शेजारच्या जळगावचं उदाहरण तर सगळ्या खान्देशाला ठाऊक आहे. घरकुलांसह अनेक योजनांसाठी तिथल्या पालिकेनं हुडकोकडून घेतलेलं कर्ज असं थकलं, की महापालिकेची बँक खाती गोठवण्याची पाळी आली आणि अखेर एकरकमी तडजोडीवर यावं लागलं. अख्ख्या शहराची पालिका तडजोड मागते, तर आपण का मागू नये?

नोटीस आल्यावर

२००२ सालचा एक कायदा आहे, 'सरफेसी' नावानं ओळखला जातो. त्यानुसार बँक दिवाणी कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ शकते. सहकारी बँकांनाही तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्याच्या पायऱ्या अशा :

पहिली नोटीस साठ दिवसांची. सगळी येणं रक्कम साठ दिवसांत भरा, असं तीत असतं. रक्कम पाहून पोटात गोळा येतो, पण हीच आपल्या हातातली सर्वांत मोलाची मुदत आहे. आकडा चुकला असेल, भरलेले हप्ते जमा दिसत नसतील किंवा तडजोड हवी असेल, तर लेखी हरकत द्या. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. दंडाची रक्कमही नीट तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार थकलेल्या हप्त्यावर दंडाचं जादा व्याज लावता येत नाही. वाजवी दंड-आकार घेता येतो, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

साठ दिवस गेले, की कागदोपत्री ताबा. दारावर सूचना चिकटवतात आणि वर्तमानपत्रांत छापतात. या दिवशी बाईमाणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण घर अजून गेलेलं नसतं. या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. दिवाणी कोर्टात खेटे घालण्यात वेळ दवडू नका, कारण अशा प्रकरणात त्या कोर्टाचं दार या कायद्यानं बंद केलेलं आहे.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन येते. वसुलीची माणसं आपण होऊन आली, कुलपाला हात घालू लागली, तर आदेश दाखवा म्हणावं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास, धाकदपटशा करण्यास, नातेवाइकांत बदनामी करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आलेल्या माणसाच्या हाती पावतीशिवाय रोख पैसे देऊ नका.

मग लिलाव. पहिल्या विक्रीआधी घराची किंमत ठरवून कर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधी सगळी रक्कम खर्चासह भरली, तर घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यापुढे तो हक्क राहत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. लिलावात येण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे आपले. कमी पडली तर उरलेलं देणं मात्र डोक्यावर राहतं.

कर्ज जवळपास फिटत आलेलं असेल, तर एक गोष्ट जरूर तपासून घ्या. येणं बाकी मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर या कायद्याखाली घर ताब्यात घेता येत नाही.

पतसंस्थेचं कर्ज

आपल्याकडे पतसंस्थेचं कर्जही घरोघरी असतं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची वसुली १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ नुसार होते. संस्था उपनिबंधकांकडे अर्ज करते, तिथे सुनावणी होते आणि वसुलीचा दाखला निघतो. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा. एकदा दाखला निघाला, की त्याविरुद्ध वर दाद मागायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि जामीनदाराला विसरू नका. शेजारच्या भाऊंनी किंवा शाळेतल्या सरांनी विश्वासानं सही केलेली असते, आणि कपात त्यांच्या पगारातून सुरू होऊ शकते. त्यांना आपल्या तोंडून आधी सांगावं, हीच माणुसकी.

सोनं, भिशी आणि सावकार

अडचणीत पहिला हात जातो तो गळ्याशी. सोनं द्यावं की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवायचं, कारण स्त्रीधन तिचं स्वतःचं असतं. पण हिशेब करून ठरवा. सोनं गहाण ठेवून घराचा हप्ता भरला, तर एका हप्त्याचे दोन झाले. मिळकत दोन-तीन महिन्यांत नक्की सावरणार असेल, तरच हा मार्ग. नाहीतर एखादा दागिना सरळ मोडून थकबाकी एकदम भरलेली बरी. भिशीचा नंबर, विम्याच्या पॉलिसीवरचं कर्ज, प्रॉव्हिडंट फंडातून घरासाठी मिळणारी रक्कम, हे मार्ग त्याआधी पाहावेत.

सावकाराच्या दारी मात्र जाऊ नये. बँकेचा हप्ता भरायला महिन्याच्या टक्क्यानं पैसे घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. कुणी आधीच अडकलं असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बेकायदा सावकारानं बळकावलेली मालमत्ता परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे तक्रार करता येते.

काहीच जुळत नसेल, तर बँकेला विचारून घर आपणच विकावं. आपण शोधलेलं गिऱ्हाईक लिलावातल्या बोलीपेक्षा बहुधा बरी किंमत देतं. कर्ज फेडून हाती चार पैसे उरतात, त्यातून लहान घर किंवा भाड्याची अनामत होते. घर विकलं म्हणून संसार मोडत नाही.

वकील परवडत नसेल तर

आणखी एक गोष्ट प्रत्येक बाईनं पदरी बांधून ठेवावी. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज करायचा. लोकअदालतीत बँकांची थकबाकी तडजोडीनं मिटवली जाते, तिची तारीखही तिथेच कळते. आणि बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आजच करून ठेवा

एक फाईल करा. तीत कर्जाचा करार, खरेदीखताची प्रत, हप्त्यांच्या पावत्या, खात्याचा उतारा आणि आलेली प्रत्येक नोटीस तारखेनुसार लावा. कर्ज घेताना विमा उतरवला होता का, ते पाहा. घरधन्याचं बरंवाईट झालं तर अशा विम्यातून कर्ज फिटू शकतं, आणि कुणाला ठाऊकच नसेल तर मागणार कोण? हप्त्याची तारीख दूधवाल्याच्या आणि किराण्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. आणि महिन्यातून एकदा, मुलं झोपल्यावर, दोघांनी मिळून ती फाईल उघडा. हप्ते वेळेवर जात असतील तर दहा मिनिटांचं काम आहे. जात नसतील, तर ते त्या रात्रीच कळेल.