शालेय ग्रंथपालांची जागतिक संघटना

आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये, म्हणजे जेथे अनेक देशांची मुले एकत्र शिकतात आणि अभ्यासक्रम बहुधा यजमान देशाचा नसतो अशा शाळांमध्ये, ग्रंथपाल पुष्कळदा एकटाच असतो. ग्रंथखरेदी, सूचीकरण आणि माहितीसाक्षरता, अर्थात हवी ती माहिती शोधून तिची विश्वासार्हता पारखण्याचे कौशल्य, ही सारी कामे त्याच्याकडे येतात, पण सल्लामसलतीसाठी त्याच पेशातला सहकारी जवळ नसतो. ही उणीव भरून काढणाऱ्या संस्थांमध्ये १९७१ साली जमैकात स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल लायब्ररियनशिप' या संघटनेचे स्थान मोठे आहे. तिचा उगम शिक्षक-संघटनांच्या जागतिक महासंघाच्या कार्यातून झाला, आणि म्हणूनच ग्रंथपाल हा पुस्तकांचा केवळ राखणदार नसून अध्यापनातील भागीदार आहे, ही भूमिका तिच्या घडणीतच रुजलेली दिसते. परिषदा आणि संशोधनपत्रिका यांखेरीज, ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'इफ्ला'ने, २०१५ साली सिद्ध केलेल्या शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीतही तिचा सहभाग होता. शाळेच्या व्यवस्थापनापुढे निधी किंवा मनुष्यबळाची मागणी मांडताना असा दस्तऐवज हाती असणे एकट्या ग्रंथपालासाठी फार मोलाचे ठरते. तिचा सर्वांत लोभस उपक्रम मात्र ऑक्टोबरमधील आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय महिना हा होय, कारण त्यात वेगवेगळ्या देशांतील शाळांच्या जोड्या जुळवल्या जातात आणि मुले स्वतः तयार केलेल्या वाचनखुणा, म्हणजे पुस्तकात ठेवायच्या पट्ट्या, एकमेकांना पाठवतात.